पुरस्कार वनस्पतीचा की नोंदीचा? सर्पगंधा व छिंगहाओ यांच्या इतिहासातून काही बोध

इ. स. २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यातील अर्धा वाटा चीनमधील पारंपरिक वैद्यक अकादमीच्या संशोधिका श्रीमती तू यूयू यांना मिळाला. छिंगहाओ या वनस्पतीपासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळविलेल्या आर्टेमिसिनीन या द्रव्यामुळे मलेरियाच्या चिकित्सेची दिशाच पालटली होती. (पारितोषिकाचा उरलेला अर्धा वाटा कृमिजन्य रोगांवरील औषधाच्या संशोधनासाठी विल्यम कॅम्बेल व सातोशी ओमुरा यांना विभागून देण्यात आला.)

या बातमीनंतर वैद्यमंडळींच्या बैठकींत दोन प्रकारचे उद्गार आम्ही वारंवार ऐकले. पहिला उद्गार खेदाचा होता : "चीनने आपली परंपरा जगापुढे नेली, आपण मात्र मागे राहिलो." दुसरा रोषाचा होता : "आमच्या ग्रंथांत याहून कितीतरी अधिक आहे; मान्यता देणाऱ्यांना ते पाहावयाचे नाही." दोन्हींत तथ्यांश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि, हा सन्मान नेमका कोणत्या कामासाठी दिला गेला, याचा विचार या दोन्ही उद्गारांत आढळत नाही. वनस्पती तर हजारो वर्षे तेथेच होती आणि ग्रंथही सोळाशे वर्षांचा जुना होता. मग पुरस्कार कशाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

यासाठी नोबेलपेक्षा दुसऱ्या एका पुरस्काराकडे पाहणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. अमेरिकेतील लास्कर पुरस्कार १९४५ पासून दिले जातात. मानवी आरोग्यास प्रत्यक्ष उपकारक ठरलेले संशोधन हा त्यांचा विषय असून त्यांच्या मानकऱ्यांपैकी अनेकांना पुढे नोबेल मिळाले आहे. श्रीमती तू यूयू यांनाही हा पुरस्कार आधी, म्हणजे २०११ मध्ये मिळाला. परंतु त्याच्या चोपन्न वर्षे आधी, १९५७ मध्ये, याच पुरस्काराच्या मानकऱ्यांत मुंबईच्या एका डॉक्टरांचे नाव होते आणि त्यांचे संशोधन आपल्या सर्पगंधेवर होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या डॉक्टरांचे नाव रुस्तम जाल वकील. म्हणून आरंभ सर्पगंधेपासूनच करू.

सर्पगंधा : कोलकाता, दिल्ली व मुंबई

सर्पगंधेचा बृहत्त्रयीतील उल्लेख निश्चितपणे कोणत्या वनस्पतीचा, याविषयी द्रव्यगुणाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र उन्माद, अनिद्रा व सर्पदंश यांवर हे मूळ वापरण्याची लोकपरंपरा जुनी आहे. बिहारमध्ये तर ते 'पागल की दवा' या नावानेच विकले जात असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत ही माहिती वैद्य, हकीम व मुळ्या विकणारे यांच्यापुरतीच मर्यादित होती.

१९३१ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दोन स्वतंत्र कामे प्रसिद्ध झाली. कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन, ज्यांचा 'प्रत्यक्षशारीरम्' हा ग्रंथ आपल्या पिढीलाही परिचित आहे, त्यांनी कार्तिकचंद्र बोस यांच्यासमवेत एक निबंध लिहिला. सर्पगंधा ही उन्माद व रक्तदाबवृद्धी या दोन्हींवर उपयुक्त आहे, असे त्यांनी स्वतःच्या चिकित्सानुभवावरून मांडले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमाँ सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून काही स्फटिकरूप क्षारतत्त्वे पृथक केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकास त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. १९३३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो हे दाखविले. १९३४ मध्ये हिमालया ड्रग कंपनीने 'सर्पिना' या नावाने सर्पगंधेच्या गोळ्या बाजारात आणल्या.

म्हणजे १९३४ पर्यंत वैद्याचा अनुभव होता, रसायनशास्त्रज्ञाचे पृथक्करण होते, प्राण्यांवरील प्रयोग होते आणि औषधालयाची गोळीही होती. पुढील पंधरा वर्षे हे औषध भारतात सर्रास दिले गेले. असे असता भारताबाहेर त्याची दखल कोणी घेतली नाही. ती घेतली गेली १९४९ नंतर.

वकील यांनी काय केले?

डॉ. वकील हे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ होते. १९४९ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात सर्पगंधेच्या चिकित्सेविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्यात रक्तदाबवृद्धीच्या केवळ ५० रुग्णांची हकिगत होती. पन्नास ही संख्या मोठी नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी एका वर्षात याहून अधिक अशा रुग्णांना औषध दिले असेल.

परंतु वकील यांच्या लेखात अशा काही गोष्टी होत्या, ज्या आपल्या रुग्णपत्रकांत सहसा नसतात. रुग्ण कोणत्या प्रकारचे घेतले व कोणते वगळले, हे तेथे निश्चित सांगितले होते. औषध सुरू करण्यापूर्वीचा रक्तदाब आकड्यांत होता. औषधाची मात्रा व कालावधी दिला होता. औषधानंतरचा रक्तदाब ठरावीक अंतराने मोजलेला होता. किती रुग्णांत तो उतरला आणि कितींत उतरला नाही, हे दोन्ही नोंदले होते. तसेच कोणते उपद्रव दिसले, याचीही नोंद होती. वाचणाऱ्या कोणाही डॉक्टरास, त्याने सर्पगंधा कधी पाहिली नसली तरी, हाच प्रयोग आपल्या रुग्णालयात पुन्हा करून पाहता येईल अशी ती मांडणी होती.

आणि तसेच घडले. बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा मागवून आपल्या रुग्णांवर पडताळली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातून रेसर्पिन हे तत्त्व वेगळे केले. येथे एक बाब औषधनिर्मात्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. आधीच्या संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने सहज स्फटिक होणाऱ्या क्षारतत्त्वांवर होते. रेसर्पिन मिळाले ते राळेसारख्या उरलेल्या भागातून. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला, म्हणजे गणनाथ सेन यांच्या निबंधातील दुसऱ्या अर्ध्या विधानाची तपासणी झाली. १९५७ चा लास्कर पुरस्कार वकील व क्लाइन या दोघांनाही, अन्य काही संशोधकांसमवेत, मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने वकील यांना पद्मभूषण दिले.

वकील यांनी वनस्पती शोधली नव्हती. तिचा गुणही त्यांनी प्रथम सांगितला नव्हता, तो सेन यांनी अठरा वर्षे आधी सांगितला होता. वकील यांचा सन्मान झाला तो दुसऱ्यास पडताळता येईल अशा नोंदीचा.

उपद्रवांतून मिळालेले ज्ञान

सर्पगंधेची कथा येथे संपत नाही. १९५० च्या दशकातच रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र विषाद उत्पन्न होतो, असे दिसू लागले. काहींत कंप, अंगाचा ताठरपणा व चालीतील मंदत्व, म्हणजे कंपवातासारखी लक्षणे आढळली. नाक चोंदणे, नाडी मंद होणे, सुस्ती, अम्लपित्ताची वृद्धी हे उपद्रव तर नेहमीचेच होते.

या उपद्रवांकडे दुर्लक्ष न करता एका स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यांचा माग काढला. अर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पिन देऊन ते निश्चल झाल्याचे पाहिले आणि एल-डोपा हे द्रव्य देताच ते पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखविले. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक द्रव्याचा साठा रिता होतो, हे त्यातून पुढे आले आणि कंपवाताचे कारण व आजची चिकित्सा यांचा मार्ग खुला झाला. या कामासाठी कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या वाचकांस हेही स्मरत असेल की, कपिकच्छूच्या बीजांत एल-डोपा असल्याचे दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. एका भारतीय मुळाने उत्पन्न केलेला विकार ज्या द्रव्याने दूर झाला, ते द्रव्य दुसऱ्या भारतीय बीजात होते. मात्र मधला दुवा जोडला गेला तो उपद्रवाची नोंद झाली म्हणून.

आमचा एक अनुभव

हे सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असे वाटावे, इतके आमचे स्वतःचे आचरण निर्दोष नाही. म्हणून आमच्याच चिकित्सालयातील एक प्रसंग येथे नमूद करतो.

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन गृहस्थ अनिद्रा व किंचित वाढलेला रक्तदाब या तक्रारींसाठी आमच्याकडे आले. आम्ही सर्पगंधाप्रधान योग दिला. पहिल्या महिन्यात झोप सुधारली, रक्तदाबही उतरला. पुढे ते दर पंधरा दिवसांनी येऊन औषध नेत आणि आम्ही पत्रकावर 'तेच चालू' असे लिहीत असू. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, झोप लागते, बीपीही ठीक आहे. पण हे कुणाशी बोलेनासे झालेत. नातू आला तरी उठत नाहीत."

औषध तत्काळ बंद केले आणि रुग्णास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. पूर्ववत होण्यास सुमारे तीन महिने लागले. त्यानंतर आम्ही त्यांचे पत्रक काढून पाहिले. रक्तदाबाच्या नोंदी दोनच होत्या. तारुण्यात त्यांना विषादाचा एक झटका येऊन गेला होता; तो आम्ही कधी विचारलाच नव्हता. मधल्या काळात आमच्या औषधालयाने कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला होता. परंतु कोणत्या तारखेपासून कोणत्या मुळांचा योग दिला गेला, हे सांगणारी एकही ओळ आमच्याकडे नव्हती. दोष मात्रेचा होता, बदललेल्या मुळांचा होता की न विचारलेल्या पूर्वेतिहासाचा, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. रुग्ण बरा झाला, परंतु त्याच्या कष्टातून आम्ही शिकू शकलो असतो ते शिकलो नाही. वकील यांच्या पन्नास रुग्णांचे मोल आम्हांस खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळले.

येथे थोडे गणितही मांडणे उचित होईल. सर्पगंधेच्या मुळातील एकूण क्षारतत्त्वे प्रदेश, ऋतू व मुळाचे वय यांनुसार बदलतात आणि त्यांचा बहुतांश भाग मुळाच्या सालीत असतो. एखाद्या मुळात रेसर्पिन ०.१ टक्का आहे असे धरले, तर एक ग्रॅम चूर्णात ते १ मिलिग्रॅम होते. आधुनिक चिकित्सेत रक्तदाबासाठी रेसर्पिनची दैनिक मात्रा सामान्यतः ०.२५ मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. चूर्णातील शोषण व शुद्ध द्रव्याचे शोषण सारखे नसते हे मान्य केले, तरी मुळाचा दर्जा माहीत नसताना दिलेले 'एक ग्रॅम चूर्ण' ही निश्चित मात्रा होत नाही, हे सुज्ञांच्या ध्यानात येईल.

छिंगहाओ : हिम की क्वाथ?

आता चीनकडे वळू. १९६७ च्या मे महिन्याच्या २३ तारखेस, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, चीन सरकारने मलेरियावरील औषधशोधाचा एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्यास '५२३' असे नाव पडले. जुनी औषधे मलेरियाच्या जंतूवर निष्प्रभ होऊ लागली होती. १९६९ च्या जानेवारीत तू यूयू यांच्याकडे पारंपरिक औषधांच्या शोधाचे नेतृत्व आले. त्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर होत्या आणि त्यांनी अडीच वर्षे पारंपरिक चिनी वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतले होते. डॉक्टरेटची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

त्यांनी ग्रंथ व वैद्य यांच्याकडून सुमारे २००० योग गोळा केले, त्यांतील ६४० निवडून त्यांची वही केली. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओच्या अर्काने एकदा चांगला परिणाम दाखविला, परंतु पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही. बहुतेक संशोधकांनी येथेच ती वनस्पती सोडून दिली असती. तू यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या.

चौथ्या शतकातील ग हुंग या वैद्याच्या आत्ययिक चिकित्सेवरील ग्रंथात छिंगहाओचा ज्वरावरील योग आहे. त्यात मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तो रस पिण्यास सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास हे वाचताक्षणी पंचविध कषाय कल्पना आठवतील : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. ग हुंगची कृती ही क्वाथाची नसून हिम कल्पनेच्या जवळची आहे. हा भेद तू यूयू यांच्या लक्षात आला आणि उष्णतेने कार्यकारी द्रव्य नष्ट होत असावे, असा तर्क त्यांनी केला. सुमारे ३५ अंशांवर उकळणारे ईथर वापरून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. त्या अर्कातील आम्ल भाग विषारी व निरुपयोगी ठरला म्हणून तो काढून टाकला आणि उदासीन भाग ठेवला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाचा हा नमुना उंदरांतील मलेरियावर शंभर टक्के परिणामकारक ठरला.

कल्पनाभेदाने गुणभेद होतो, हे आपण भैषज्यकल्पनेच्या पहिल्या धड्यात शिकतो. परंतु एखादा योग निष्फळ ठरला असता ग्रंथातील कल्पना व आपण वापरलेली कल्पना यांतील अंतर आपण कितीदा तपासून पाहतो? हिमाच्या जागी सोयीसाठी क्वाथ, क्वाथाच्या जागी चूर्ण आणि चूर्णाच्या जागी घनवटी, असे बदल आपण नित्य करतो. बदल करणे हा दोष नव्हे. परंतु तो लिहून न ठेवणे हा दोष आहे.

ओळख व विघटन

छिंगहाओच्या इतिहासातील आणखी दोन गोष्टी औषधालयचालकांनी विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट वनस्पतीच्या ओळखीची. छिंगहाओ हे नाव आर्टेमिसिया प्रजातीतील एकाहून अधिक वनस्पतींना दिले जात असे. त्यांतील आर्टेमिसिया ॲन्युआ हीच उपयोगी ठरली, तीही पानांपुरती. बीजिंगच्या परिसरातील वनस्पतीत द्रव्य फारच अल्प होते, तर सिचुआन प्रांतातील वनस्पतीत पुरेसे होते. नाव तेच, परंतु प्रदेश बदलताच परिणाम बदलला. आपल्याकडील दवणा हाही याच प्रजातीतील आहे, म्हणून तो मलेरियावर द्यावा असा निष्कर्ष कोणी काढू नये. ओळखीचे महत्त्व न कळल्याचेच ते लक्षण होईल.

दुसरी गोष्ट गोळीची. १९७२ मध्ये तू यूयू व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सुरक्षितता तपासण्यासाठी अर्क प्रथम स्वतः घेतला आणि मग हैनान बेटावर २१ रुग्णांना तो दिला. परिणाम उत्तम आला. त्याच वर्षाच्या अखेरीस शुद्ध आर्टेमिसिनीन स्फटिकरूपात मिळाले. परंतु १९७३ मध्ये त्याच्या गोळ्या करून रुग्णांना दिल्या, तेव्हा निकाल निराशाजनक होता. औषध तेच व रोग तोच. शोध घेता गोळ्यांचे विघटन नीट होत नसल्याचे आढळले. तेच द्रव्य कॅप्सूलमधून देताच गुण आला. गोळीच्या विघटनाची चाचणी ही केवळ निरीक्षकाच्या भेटीपुरती असते, असे मानणाऱ्या आपल्यातील काही उत्पादकांनी या प्रसंगाचा विचार करावा. ती चाचणी झाली नसती, तर लक्षावधी जीव वाचविणारे औषध 'गुण येत नाही' म्हणून कपाटात पडून राहिले असते.

सन्मानाच्या मर्यादा

पुरस्कारांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रकल्प ५२३ मध्ये शेकडो लोक काम करीत होते. युन्नान व शांतुंग येथील गटांनीही आर्टेमिसिनीन स्वतंत्रपणे मिळविले होते. १९७७ मध्ये संशोधन प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर कोणाचेही व्यक्तिगत नाव नव्हते. त्यामुळे एकाच व्यक्तीचा सन्मान न्याय्य की नाही, यावर चीनमध्ये पुष्कळ वाद झाला. सर्पगंधेच्या बाबतीतही गणनाथ सेन, कार्तिकचंद्र बोस व दोन्ही सिद्दिकी यांची नावे पुरस्काराच्या यादीत नाहीत. आपण तरी ती आदराने घेतली पाहिजेत.

तसेच पुरस्काराने औषध चिरंजीव होत नाही. आर्टेमिसिनीन वर्गातील औषधे एकटी दिल्यास जंतू त्यांस जुमानेनासे होतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये एकेरी वापर थांबविण्यास सांगितले. तरीही पश्चिम कंबोडियात २००८-०९ मध्ये त्यांचा प्रभाव मंदावल्याचे वृत्तांत आले आणि नंतर आफ्रिकेतील काही देशांतही तेच दिसले. २०२३ या एका वर्षात मलेरियाने जगात अंदाजे ५ लाख ९७ हजार बळी घेतले. छिंगहाओच्या पानांचा काढा वा चहा घेऊ नये, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. कारण त्यातील मात्रा अपुरी व अनिश्चित असते आणि अपुऱ्या मात्रेने जंतू अधिक कठीण होतात. म्हणून विषमज्वराचा संशय येताच रक्ततपासणी करावी आणि मलेरिया निश्चित झाल्यास राष्ट्रीय कार्यक्रमानुसार पूर्ण चिकित्सा मिळेल असे पाहावे. येथे पद्धतीचा अभिमान आड येऊ देऊ नये.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी प्रत्येकास प्रयोगशाळा उभारता येणार नाही. परंतु वकील यांच्या कामाचा गाभा असलेल्या गोष्टींना प्रयोगशाळा लागत नव्हती. आमच्या अल्पमतीप्रमाणे पुढील गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत.

चिकित्सकांसाठी :

१. रुग्णपत्रकावर 'तेच चालू' लिहिणे बंद करावे. औषध, कल्पना, मात्रा, अनुपान व बॅच क्रमांक प्रत्येक वेळी लिहावा.

२. मोजता येईल ते औषधापूर्वी व औषधानंतर मोजावे. रक्तदाब असल्यास वेळ व रुग्णाची स्थिती (बसून की झोपून) नमूद करावी.

३. सर्पगंधा देण्यापूर्वी विषाद, परिणामशूल, मंद नाडी, कंपवात व चालू असलेली आधुनिक औषधे, विशेषतः मनोविकारांवरील व हृदयावरील, यांविषयी विचारावे. विषादाचा पूर्वेतिहास असल्यास सर्पगंधा देऊ नये. घरच्या माणसांनाही स्वभावातील बदलाकडे लक्ष ठेवण्यास सांगावे.

४. गुण न आलेल्या रुग्णांचीही नोंद ठेवावी. उपद्रव आढळल्यास तो आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता योजनेकडे कळवावा. या योजनेचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. उपद्रव कळविल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, ही समजूत चुकीची आहे. कार्लसन यांचे संशोधन उपद्रवाच्या नोंदीवरच उभे राहिले.

औषधालयचालकांसाठी :

१. सर्पगंधेच्या मुळांत त्याच प्रजातीतील अन्य जातींची, तसेच खोडाच्या तुकड्यांची भेसळ होते. सूक्ष्मदर्शकाखाली अश्मकोशिका दिसल्यास ते मूळ खऱ्या सर्पगंधेचे नाही असे समजावे. साल निघून गेलेले मूळ दिसण्यास स्वच्छ, पण गुणाने हीन असते.

२. सर्पगंधा १९९० पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मूळ उपटले की वनस्पती संपते. लागवडीचा, कागदपत्रांसह येणारा मालच घ्यावा.

३. पुरवठादार बदलल्यास नवी बॅच धरून चिकित्सकांना तसे कळवावे. २००० साली शेड्यूल टी अधिसूचित झाल्यापासून बॅचच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. त्या नोंदी चिकित्सकापर्यंत पोहोचल्या, तरच त्यांचा उपयोग.

४. गोळी व घनवटी यांच्या विघटनाची चाचणी प्रत्येक बॅचची करावी.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, वनस्पतींचे नाव व रूप तर रानात गुरे राखणारेही जाणतात. त्यांचा योग, म्हणजे देश, काल व पुरुष पाहून केलेली योजना जो जाणतो, तो खरा वैद्य. सर्पगंधा व छिंगहाओ यांच्या इतिहासातून आम्हांस हाच अर्थ पुन्हा लाभला. योजना जाणणे म्हणजे ती केल्यावर काय झाले हेही जाणणे आणि ते दुसऱ्यास सांगता येणे.

आमच्या चिकित्सालयात त्या प्रसंगानंतर नवी पत्रके छापून घेतली आहेत. त्यांत बॅच क्रमांकासाठी एक रकाना आहे आणि 'औषधानंतर काही नवीन त्रास?' यासाठी दुसरा. पहिले काही महिने तो दुसरा रकाना आमच्याकडून रिकामाच राहत असे. आता राहत नाही. वाचकांपैकी ज्यांनी सर्पगंधेच्या रुग्णांच्या अशा नोंदी ठेवल्या असतील, त्यांनी त्या रुग्णांची नावे गाळून संघटनेकडे अवश्य पाठवाव्यात. गुण आलेल्या व न आलेल्या अशा पन्नास रुग्णांची प्रामाणिक हकिगत याच नियतकालिकात प्रसिद्ध व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.